खणाचा ब्लाउज घरी शिवला, बाह्या आणि मुंढा घट्ट झालाय, कापू की उसवू?

खणवेडी
नमस्कार मंडळी, शिवणात मुरलेल्यांनी प्लीज मदत करा. गौरींसाठी घरीच खणाचा ब्लाउज शिवलाय, अस्तर लावून, कोपरापर्यंत बाह्या, मागे गोल गळा. छाती, कंबर, गळा सगळं व्यवस्थित बसलंय, आरशासमोर नुसतं उभं राहिलं तर एकदम भारी दिसतंय, पण हात वर केला की वाट लागते. काखेत काचतं, दंडावर बाही गच्च बसते आणि आख्खा ब्लाउज चार बोटं वर सरकतो. आता सणाच्या दिवशी हात खाली सोडून कोण उभं राहणार, मखराला तोरण बांधायचं, वरच्या फळीवरची परात काढायची, काहीच जमणार नाही.
मापं देते. छाती ३६, ब्लाउज छातीला दीड इंच लूज आहे. दंड साडेबारा आणि बाही शिवून झाल्यावर दंडाला पावणेतेरा भरतेय. मुंढा, म्हणजे बाही जोडतो तो काखेचा गोल, फिरून १६. माया, म्हणजे टिपेबाहेर आत सोडलेलं कापड, सगळीकडे अर्धा इंच. खण संपलाय, बाह्यांच्या कडेचे दोन छोटे तुकडे उरलेत फक्त.
जाऊबाई म्हणतायत मुंढा अर्धा इंच खाली कापून टाक, मोकळं होईल. पण एकदा कापलं की परत चिकटवता येत नाही, म्हणून आधी इथे विचारतेय.

दोरा_संपला
जाऊबाई बरोबर बोलतायत की. मी पण तेच करते, काखेत अर्धा इंच खाली गोलाकार कापायचं आणि बाही परत जोडायची, अर्ध्या तासाचं काम. कुर्त्यांना तर मी कटिंगलाच मुंढा मोठा ठेवते, उगाच नंतर कटकट नको.

शिवणकाकू
अगं थांब, कातर ठेव आधी खाली.
मुंढा खाली नेला की हात मोकळा होतो असं सगळ्यांना वाटतं, आणि हात खाली असताना तसं होतंही, काखेत टोचत नाही. पण तुझी तक्रार हात वर केल्यावरची आहे ना. हात वर केला की कंबरेपासून काखेपर्यंत आणि काखेपासून कोपरापर्यंत जे अंतर आहे ते सगळं ताणलं जातं, तेवढं कापड त्या बाजूला असायला हवं. ते कुठून येतं, तर ब्लाउजची बाजूची शिवण अधिक बाहीच्या आतल्या बाजूची शिवण. आता तू मुंढा अर्धा इंच खाली कापलास म्हणजे बाजूची शिवण अर्ध्या इंचाने आखूड केलीस. मग हात वर गेला की बाही ब्लाउजला धरून आणखी वर ओढणार, चार बोटं सरकतोय तो पाच बोटं सरकेल. शिवाय मुंढ्याचा घेर वाढला आणि बाही तेवढीच राहिली, मग ती बाही त्या मुंढ्यात बसवायची कशी? ओढून लावलीस तर खांद्यावर नाहीतर काखेत ताण येणारच.
म्हणून आधी घट्ट नक्की कुठे आहे ते बघ. ब्लाउज घाल आणि असं कर:
हात खाली सोडून आरशात बाही बघ. दंडावर आडव्या सुरकुत्या पडत असतील तर बाही दंडाला कमी आहे. तुझा फक्त पाव इंच लूज आहे, तो तर सरळ सरळ कमीच आहे, न ताणणाऱ्या कापडाला निदान एक इंच तरी हवा, कुर्तीला मी दोन धरते.
मग दोन्ही हात पुढे कर, स्कूटी चालवतेस तसे. पाठीवर दोन्ही मुंढ्यांच्या मध्ये ताण आला तर पाठ अरुंद कापली गेलीय, तो आजार वेगळा, त्याला बाहीशी खेळून उपयोग नाही.
मग हात खालीच ठेवून पुढच्या बाजूला बघ. काखेच्या पुढे, छातीच्या वर कापड जमून चुण्या पडतायत आणि तिथेच कातडीला घासतंय, तर पुढचा मुंढा पुरेसा खोलगट कापलेला नाही. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा अर्धा ते पाऊण इंच आत असतो, दोन्ही एकसारखे कापले की हे होतं.
आणि एक, रागावू नकोस, बाह्या उलटसुलट तर नाही ना लागल्या? बाहीची पुढची बाजू जास्त खोलगट असते. डावी उजवीला गेली की माप बरोबर असूनही काचतं आणि कारण काही केल्या सापडत नाही.

खणवेडी
काकू खूप खूप धन्यवाद, एवढं कोणी समजावून सांगत नाही. बघितलं सगळं. बाह्या बरोबर बाजूला आहेत, कापतानाच खडूने पुढची खूण केली होती. पाठीला ताण नाही. पुढे चुण्या नाहीत. दंडावर मात्र आडव्या सुरकुत्या आहेत, अगदी शिवणीच्या टाक्यांमध्ये फट दिसतेय इतका ताण. म्हणजे बाहीच ना?

मापपट्टी
मध्येच बोलतो, माझं जेन्ट्स शर्ट-झब्ब्याचं काम आहे, ब्लाउज शिवत नाही, पण बाहीचं गणित तेच असतं.
बाहीचा वरचा गोल भाग, ज्याला क्लासवाले कॅप म्हणतात, तो जेवढा उंच तेवढी बाही दंडाला अरुंद होते, कारण मुंढ्याचा घेर ठरलेला आहे, तुमच्या केसमध्ये १६, आणि तेवढ्यातच गोल बसवायचाय. उंच कॅपची बाही हात खाली असताना सुंदर पडते, एकही सुरकुती नाही, पण हात वर जात नाही. कॅप कमी केली की बाही रुंद होते, हात फिरतो, पण काखेत थोडा झोल दिसतो. कामाच्या शर्टाला आम्ही कॅप कमी ठेवतो आणि कोटाला उंच, ते याच्यामुळेच. तुम्ही रेडीमेड पॅटर्न किंवा व्हिडिओ बघून कॅप काढली असणार, त्यात फोटोत छान दिसावी म्हणून उंच असते बऱ्याचदा. पुढच्या वेळी अर्धा इंच कमी करून बघा, दंडाला जवळपास तेवढाच अर्धा इंच वाढून मिळतो आणि मुंढ्याला हात लावावा लागत नाही. या ब्लाउजला मात्र तो उपाय नाही, कापलेलं कापड रुंद कसं होणार.
आता दोन फुकटचे उपाय, हे आधी करा. काखेतली माया अर्धा इंच आहे म्हणालात, अस्तर धरून ती चार पदरी जाड घडी काखेत उभी राहते. काखेच्या तळाला, साधारण तीन-चार इंचाच्या पट्ट्यात, माया दोन सुतापर्यंत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कमी करा, मात्र आधी त्याच शिवणीवर दुसरी टीप मारून घ्या. आणि गोलाईला छोटे छोटे कट द्या, टिपेच्या एक सूत अलीकडे थांबायचं. मुंढ्याच्या गोलात मायेची कड टिपेपेक्षा आखूड असते, कट नसतील तर ती कडच दोरीसारखी आवळून धरते. निम्मं काचणं यानेच कमी झालेलं बघितलंय मी. खणाला कट जरा बेताने द्या, धागे फार सुटतात त्याचे.
दुसरं, बाहीला अस्तर असेल तर ते खणापेक्षा आखूड नाही ना बघा. अस्तर न भिजवता लावलं आणि नंतर आटलं तर वरचं कापड बिचारं निर्दोष असतं आणि आपण त्यालाच उसवत बसतो.

खणवेडी
दादा कट देऊन बघितले (आधी टीप मारून, बेताने!!) आणि काखेतलं टोचणं खरंच बरंच कमी झालं. अस्तर भिजवूनच घेतलं होतं, बाहीला अस्तर आहे पण तिथे प्रॉब्लेम दिसत नाहीये. दंडावर मात्र अजून घट्टच, आणि हात वर केला की वर सरकतो तो तसाच.

शिवणकाकू
मग आता उसवायला घे. कापायचं नाही, उसवायचं. एका बाहीची आतली शिवण काखेतून कोपराकडे चार इंच उसव, आणि काखेतून खाली बाजूच्या शिवणीत दोन-अडीच इंच. ब्लाउज घाल, हात सावकाश वर कर आणि कोणाला तरी काखेतली फट मोजायला सांग. हात पूर्ण वर गेल्यावर जी फट पडेल तेवढंच कापड तुझ्या ब्लाउजला कमी आहे. यापेक्षा खात्रीचं माप नाही, कोणतंही सूत्र नको की काही नको. तसंही मुंढ्याची सूत्रं प्रत्येक क्लासची वेगळी, कोणी छातीचा सहावा भाग घेतं, कोणी चौथ्या भागातून दीड वजा करतं, आणि दोघांचेही ब्लाउज बसतात.

नाचरे_पाय
काकूंनी सांगितलेल्या ठिकाणी आमच्या नाचाच्या ब्लाउजना सरळ कळीच असते. भरतनाट्यमचा ड्रेस शिवणाऱ्याला सांगावंच लागत नाही, काखेत तिरक्या कापडाचा तुकडा घातलेला असतो, कारण हात पूर्ण वेळ खांद्याच्या वर. लावणी, लेझीमच्या ग्रुपसाठी कोणी घरी ब्लाउज शिवला आणि कळी नाही घातली तर कार्यक्रमाच्या दिवशी हमखास काखेतून उसवतो, मग सेफ्टीपिना. खणवेडी, अजिबात लाजू नकोस कळी लावायला, पदराखाली कोणाला दिसत नाही. झब्ब्यांना तर पूर्वीपासूनच काखेत चौकोनी तुकडा असायचा, सरळ कापड वाया न घालवता कापायचं आणि हालचालीला कळी द्यायची.

दोरा_संपला
मी अर्धा इंच खाली कापते ते म्हणजे सगळं चुकीचंच का मग? माझे कुर्ते तर घातले जातात.

शिवणकाकू
चुकीचं नाही गं, तुझे कुर्ते सैल असतात, बाजूला चांगला तीन-चार इंच लूज आणि खाली कट, वर सरकला तरी कळत नाही. अंगाबरोबर बसणाऱ्या ब्लाउजला ते चालत नाही, तो कंबरेला घट्ट असतो त्यामुळे सरकला की तिथेच अडकून बसतो, परत खाली येत नाही.
कापायची वेळ येतेच कधीकधी. हात खाली असताना मुंढ्याची शिवण काखेत अक्षरशः रुतत असेल, बोट घालायला जागा नसेल, तर पाव इंच घ्यावा, तोही एकदम नाही, आधी खडूने नवीन रेघ मारून त्यावर कच्ची टीप मारायची, घालून बघायचं आणि मग जुनी माया छाटायची. आणि पुढे खोलगट नसेल तर फक्त पुढच्या बाजूला, मागचा मुंढा तसाच ठेवायचा. मागे कापलं की पाठ अरुंद होते आणि मग हात पुढे जात नाही, आधीचं परवडलं म्हणायची वेळ येते.

खणवेडी
फट मोजली. नवऱ्याला पट्टी धरायला लावली, आधी तो सेंटीमीटरच्या बाजूने वाचत होता. सव्वा इंच भरली काखेत, आणि कोपराकडे कमी कमी होत जाते. हात असा मस्त वर जातोय की काय सांगू, आणि ब्लाउज जागेवर! म्हणजे सव्वा इंचाची कळी? खण नाहीये पण, आणि ती नक्की घालायची कशी ते सांगा ना, अस्तर पण आहे.

शिवणकाकू
सव्वा इंच म्हणजे दंडाला १४ होईल, दीड इंच लूज, एकदम योग्य.
खणाचा हट्ट सोड. काठाच्या रंगाचं साधं सुती कापड घे, रुबिया चालेल, भिजवून इस्त्री करून. काखेत सुतीच बरं, हल्लीचा बराचसा खण मिक्स धाग्याचा असतो, घाम शोषत नाही. उरलेले तुकडे काखेत जोडून लावायच्या भानगडीत पडू नकोस, तिथे जोड आला की तोच टोचणार.
चौकोनी कळी इथे नको, कारण तुला दंडालाही वाढवायचंय. एक लांबट पट्टी काप, लांब शंकरपाळीसारखी, दोन्ही टोकं निमुळती. मधली रुंदी सव्वा इंच अधिक दोन्ही बाजूंना तीन-तीन सूत माया, म्हणजे बरोबर दोन इंच. सगळ्यात रुंद भाग काखेत आला पाहिजे, म्हणून ती मधोमध रुंद नसते, खालचं टोक काखेपासून तीन इंचावर संपतं आणि वरचं कोपरापर्यंत जातं. खाली तीन इंचात संपव म्हणते कारण तुझी छाती बरोबर बसलीय, पट्टी लांबवलीस तर छातीला विनाकारण ढगळ होईल. कोपराच्या टोकाला शून्य करायच्या आधी कोपर वाकवून माप घे, सरळ हाताचं माप घेऊन फसतात सगळे. तिथेही घट्ट असेल तर पट्टी अर्धा इंच रुंद ठेवूनच बाहेर काढ आणि बाहीची दुमड परत घाल. पट्टी तिरक्या धाग्यावर कापलीस तर थोडी ताणते, काखेत बरं पडतं.
आता तू बाही आधी लावून मग बाही आणि बाजू एका शिवणीत घेतलीस, की बाजू शिवून मग गोल बाही बसवलीस? पहिलं असेल तर सोपं, फक्त ती लांब शिवण उसवायची आणि पट्टी मध्ये घालायची, मुंढ्याची शिवण पट्टीच्या दोन्ही कडांना येऊन थांबेल. दुसरं असेल तर काखेत मुंढ्याची शिवणही दोन्हीकडे एकेक इंच उसवावी लागेल.
खण आणि अस्तराचा एक पदर धरून कच्चा धावदोरा घाल, नाहीतर मशीनखाली अस्तर सरकतं. उसवलेल्या कडांना आधी झिगझॅग किंवा इंटरलॉक, खणाचे धागे एकदा सुटायला लागले की माया संपेपर्यंत थांबत नाहीत. शिवताना काखेतून सुरू कर आणि एकदा कोपराकडे, एकदा खाली जा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदम गेलीस की काखेतल्या खुणा हमखास पुढेमागे होतात. काखेत दोन इंच डबल टीप. सुई १४ नंबर, टाका बारीक. पट्टीला आतून तिच्याच कापडाची दुसरी पट्टी हातशिलाईने लाव, म्हणजे माया झाकली जाईल.
जुन्या टिपेची भोकं दिसतील, आतून ओलं फडकं ठेवून मंद इस्त्री कर आणि नखाने आडवं-उभं घास, बरीचशी बुजतात.

मापपट्टी
काकू, एक नंबर. फक्त एक सांगतो, दुसऱ्या हाताची फट वेगळी मोजा. रोज पिशव्या, मूल, कणीक सगळं उजव्या हातावर असतं, उजवा दंड पाव-अर्धा इंच जास्त भरणारी गिऱ्हाइकं भरपूर आहेत. दोन्हीकडे सारखीच पट्टी घालायची, पण मोठ्या मापाची.
आणि पुढचा ब्लाउज कापताना बाजूला आणि बाहीला अर्धा नाही, दीड इंच माया ठेवा. ब्लाउजवाले बाजूला दोन-तीन टिपा मारून देतात त्या शोभेसाठी नसतात. ती माया असती तर आज एक टीप उसवून काम झालं असतं. खणाचा पन्हा लहान असतो हे मान्य, मग गळ्याच्या मागच्या पट्ट्या दुसऱ्या कापडाच्या करा पण बाजूची माया कापू नका.

खणवेडी
एक बाजू झाली!! बाही आधी लावलेली होती त्यामुळे सोपं गेलं. डाळिंबी रंगाची पट्टी घातलीय, हात खाली असताना दिसतच नाही, वर केला तर एक रेघ दिसते आणि जाऊबाई म्हणाल्या डिझाइन आहे का. उजवा दंड खरंच पाऊण सूत... नाही, दीड सूत जास्त आहे, दादा तुम्ही ग्रेट आहात. कोपर वाकवून मोजलं, तिथे ठीक होतं, शून्यच केलं. दुसरी बाजू उद्या.
काकू एक शेवटचं, पट्टीच्या खालच्या टोकाला, बाजूच्या शिवणीत, एक छोटी चुणी येतेय, ती कशाने?

शिवणकाकू
टोक बोथट राहिलंय. शेवटचा अर्धा इंच तिरपा न जाता एकदम संपलाय. तेवढंच उसव आणि टीप शिवणीत मिसळून पुढे इंचभर जुन्या टिपेवरूनच ने. इस्त्री शिवण उघडून कर, गालिच्यावर नको, टेबलावर टॉवेलची गुंडाळी आत घालून, म्हणजे गोलाई राहते.

पाऊसवेळ
मी वाचत होते फक्त, पण विचारूनच टाकते. माझ्या मुलाचा मागच्या दिवाळीचा झब्बा काखेत घट्ट झालाय, उंचीला अजून चालतोय. त्याला पण ही लांब पट्टीच का?

नाचरे_पाय
त्याला चौकोनी कळी बघ आधी. मुलाचा दंड घट्ट नाही, फक्त काखेत कमी पडतंय असं असेल तर तिरका धरलेला तीन इंचाचा चौकोन पुरतो, काखेत चारही शिवणी मिळतात तिथे दोन-अडीच इंच उसवून. आणि छातीलाही घट्ट झाला असेल तर मग पट्टी, बगलेपासून सरळ खाली झब्ब्याच्या बाजूच्या कटापर्यंत.